अंत्ययात्रा दुपारी चार वाजता

आपल्या नातीचे हात कधी रिकामे सापडत नाहीत, ही गंगुबाई भुवड यांची मुख्य तक्रार होती. बाकी तक्रारी होत्याच. केस मोकळे सोडते, चहात साखर घालत नाही, हाक मारली की "एक मिनिट" म्हणते आणि ते मिनिट काही संपत नाही. पण त्या किरकोळ. घरात माणसं आहेत तर तेवढं चालायचंच. हातांचं मात्र गंगुबाईंना मनाला लागलं होतं.

नळाला पाणी आलंय, कळशी धर म्हणावं, तर अक्षताच्या हातात कॅमेरा. वाटाणे सोलायला बस म्हणावं, तर कॅमेरा. आणि लुगड्याची घडी! नऊवारी लुगडं दोरीवरून वाळून आलं की त्याची घडी एकट्या माणसाच्याने होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं, ही लालबागच्या पिंपळाच्या चाळीत चालत आलेली रीत. अक्षता लहान असताना दुसरं टोक तिचंच असायचं. टाचा उंच करून धरायची. आता ही बया भिंतीला पाठ लावून उभी राहायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "आजी, तू घाल ना एकटीच. काय मस्त दिसतंय."

"म्हातारं माणूस लुगड्याशी झोंबतंय, त्यात मस्त काय दिसतं गं, मेले?"

"लाईट, आजी. लाईट बघ ना."

गंगुबाईंनी दिव्याकडे बघितलं. दिवा बंद होता. त्यांनी तो विषय सोडून दिला.

अक्षता युनिव्हर्सिटीत डिजिटल फिल्ममेकिंग शिकत होती. शेवटचं वर्ष. हे शिक्षण नेमकं कसलं, ते गंगुबाईंना नीटसं सांगता यायचं नाही. त्या चौथीतून उठल्या त्या थेट बोहल्यावर चढल्या होत्या. पण चाळीत कुणी विचारलं तर त्या "सिनेमाची पदवी" असं ठणकावून सांगत आणि वर समोरच्याच्या नातवाची पदवी विचारत. तिला तिथे घालायला घरात एकट्या गंगुबाईच तिच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. मुलगा निलेश म्हणजे अक्षताचा बाप. त्याचं म्हणणं साधं होतं : पोरीने कॉमर्स करावं आणि त्याच्यासारखं विम्याच्या कचेरीत पंख्याखाली बसावं.

"तुझ्या बापाने जन्मभर मिलमध्ये दुसऱ्याचं कापड विणलं," गंगुबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "पोरगी स्वतःचं कायतरी विणतेय, तर विणू दे."

आईपुढे निलेशचं काही चालत नसे. पण त्याने एक अट घालून ठेवली होती. पोरीचं एकही वर्ष बुडलं, तर सिनेमा बंद आणि दुसऱ्या दिवसापासून विमा. आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणजे पेपर नव्हता. स्वतः एक छोटी फिल्म करून द्यायची, बस्स. फिल्म झाली तर पदवी, नाही झाली तर पंख्याखालची खुर्ची.

एका संध्याकाळी अक्षता रिकाम्या हातांनी आजीजवळ येऊन बसली. गंगुबाईंना तिथेच संशय आला.

"आजी, माझ्या फिल्ममध्ये काम करशील? मुख्य भूमिका आहे."

"मी? या वयात? छे बाई," गंगुबाई म्हणाल्या. एवढं म्हणेपर्यंत त्यांनी कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवलं होतं. मोरपिशी, इरकली. गॅसवरचं दूध वर यायच्या आत ही बातमी शेजारच्या खोलीतल्या मीराबाईंच्या कानावर गेली होती. मीराबाई मालवणकडच्या, गंगुबाई गुहागरकडच्या. या दोघी गेली चाळीस-एक वर्षं गॅलरीतल्या एकाच कठड्याला टेकून भांडत आल्या होत्या आणि भांडायला एकीला दुसरी हवी म्हणून एकमेकींच्या तब्येतीला जपत होत्या.

"हिरोईन म्हणजे? नाच आसा?" मीराबाईंनी विचारलं.

"मुख्य भूमिका म्हटलंय. नाच बाकीच्यांना असतो," गंगुबाई म्हणाल्या.

दोन दिवस चाळभर सल्ले चालले. कुणी म्हणालं, तोंडाला बर्फ चोळा. कुणी म्हणालं, कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतं, रात्रीचा भात सोडा. गंगुबाईंनी बर्फ चोळला. भाताच्या बाबतीत मात्र कलेपुढे त्या नमल्या नाहीत. मग त्यांनी अक्षताला विचारलं, "माझं भाषण दे, पाठ करून ठेवते."

अक्षता जरा घुटमळली. "आजी, तुला डायलॉग नाहीयेत."

"मुकी आहे काय ती बाई?"

"मुकी नाही... वारलेली आहे."

गंगुबाईंनी गालावरचा बर्फ वाटीत ठेवला.

"कधी वारते?"

"सुरुवातीलाच. म्हणजे, सुरुवात होते तेव्हा वारलेलीच असते."

"आधी जरा जेवते-खाते, सुनेला दोन शब्द बोलते, असं काय नाही?"

"नाही गं."

"मग त्याला मुख्य भूमिका कुठल्या तोंडाने म्हणतेस? मुडदा आहे तो! मुडद्याला मुख्य भूमिका?" गंगुबाईंचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. "साऱ्या चाळीला सांगून बसले मी! आता मीराबाईला काय सांगू, मला तिरडीवर झोपायला बोलावलंय?"

अक्षता खाली मान घालून म्हणाली, "एक म्हातारी जाते, आणि दिवसभर तिच्या दारात कोण कोण येतं, एवढीच फिल्म आहे, आजी. त्यात ती म्हातारी अशी हवी, की तिने काही न करताही सगळ्यांनी तिच्याकडेच बघत राहायला हवं. मला दुसरं कोण सुचणार?"

हे बोलणं गंगुबाईंनी मनात एकदा पुन्हा बोलून बघितलं. खोट काढण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"पांढरं नेसणार नाही," त्या म्हणाल्या. "पांढरं माझ्या अंगाला शोभत नाही."

ट्रंकेत तळाशी त्यांची एक कोरी साडी होती. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, जायच्या दिवशी अंगावर घालायची म्हणून त्यांनी स्वतः पसंत करून आणलेली. अक्षताला ती ठाऊक होती. तिने भीतभीत तिचं नाव काढलं.

"ती नाही," गंगुबाई एवढंच म्हणाल्या. "ती खऱ्या वेळची."

मोरपिशीच ठरली.

आता चाळीत शूटिंग करायचं तर कमिटीची परवानगी हवी. कमिटीचा सेक्रेटरी उन्मेष. नियमाचा पक्का. त्याचं म्हणणं पडलं, शूटिंगसाठी आधी अर्ज, मग मीटिंग, मीटिंगला कोरम, आणि कोरम तर गेल्या दसऱ्यापासून भरलेला नाही. अक्षताचं तोंड उतरलं. युनिव्हर्सिटीचा मोठा कॅमेरा तिला फक्त शुक्रवारपुरता मिळाला होता. शनिवारी सकाळीच तो परत द्यायचा, मागून दुसऱ्या मुलांचा नंबर. म्हणजे शूटिंग काय ते शुक्रवारीच.

गंगुबाई पदर खोचून स्वतः उन्मेषच्या दारात गेल्या.

"उन्मेष, मी उद्या खरोखरची गेले तर मीटिंग बोलावशील?"

"काय काकी, भलतंच. मयताला कशाला परवानगी लागते?"

"गॅलरी अडवली तर?"

"मयत आहे म्हटल्यावर गॅलरी अडणारच. उलट मंडळाच्या खुर्च्या देतो आपण, चहाचं पिंप देतो, ताडपत्री देतो."

"मग झालं तर. शुक्रवारी मयतच आहे, असं समज."

उन्मेषने नियम मनातल्या मनात तपासले. शूटिंगला परवानगी नाही, मयताला लागत नाही. आणि इथे मयत स्वतः चालत येऊन सांगतंय. त्याने मान हलवली. अशा रीतीने कमिटीच्या हिशेबात गंगुबाई शुक्रवारपासून वारल्या. पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू झाला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

अक्षताबरोबर शिकणारा राहुल आवाजाचं यंत्र सांभाळायला होता. गिरगावातला मुलगा, भिडस्त. त्याला तिरडीचं सामान आणायला धाडलं. दुकानदाराला त्याने हळूच विचारलं, "भाड्याने मिळेल का?" दुकानदार त्याच्याकडे बघतच राहिला. "आजवर कुणी परत आणून दिली नाही, बाळा."

शुक्रवारी सकाळी निलेश कचेरीला गेला. जाताना डबा उघडून एक घास चाखला आणि "आई, भाजी खारट झालीय," म्हणून कपाळाला आठी घालून गेला. शूटिंगचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फिल्म म्हणजे फुलांबिलांची वाटत होती. सून रश्मी माहेरी, माहीमला गेली होती. मैदान मोकळं होतं.

पहिलं काम फळ्याचं. चाळीच्या तोंडाशी मंडळाचा काळा फळा आहे. एरवी त्यावर सुविचार असतो आणि कुणी गेलं की सुविचार पुसून निधनवार्ता. खडूला हात लावायचा अधिकार उन्मेषचा. त्याच्या अक्षरासाठी माणसं मुद्दाम थांबतात, असं तो स्वतः सांगतो. अक्षताच्या गोष्टीतल्या म्हातारीचं नाव पार्वतीबाई होतं.

"कोण पार्वतीबाई?" गंगुबाई म्हणाल्या. "झोपणार मी, श्वास कोंडून धरणार मी, आणि नाव पार्वतीबाईचं? माझं नाव घाला."

"काकी, बरं नाही दिसत," उन्मेष म्हणाला.

"आयुष्यात एकदा माझं नाव या फळ्यावर लागणार, आणि तेव्हा बघायला मी नसणार. आज आहे, तर बघू दे."

उन्मेषने लिहिलं. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या चाळीतील श्रीमती गंगुबाई भुवड यांचे आज सकाळी निधन झाले. अंत्ययात्रा दुपारी चार वाजता. गंगुबाई मोरपिशी नेसून फळ्यासमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून.

"नाव जरा बारीक आलं. राण्यांच्या आजोबांच्या वेळी मोठं काढलं होतंस."

उन्मेषने पुसून मोठं काढलं. अक्षताने फळ्याचं चित्रण केलं. आता पुसायचं, तर डस्टर सापडेना. आणि वर खोलीत उजेड बरोबर आलाय म्हणून अक्षता घाई करत होती.

"राहू दे गं," गंगुबाई म्हणाल्या. "एवढं सुंदर काढलंय पोराने. घटकाभर चार माणसांनी बघितलं तर काय झिजणार आहे?"

उन्मेषलाही ते पटलं. त्याने आपल्या अक्षराचा मोबाईलवर फोटो काढला, छान आला म्हणून स्टेटसला ठेवला आणि कामाला निघून गेला. वर खोलीत राहुलने सगळ्यांचे फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकले. मयताच्या खोलीत फोन वाजला तर आवाज बिघडतो, म्हणून.

मेलेलं माणूस होणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी गंगुबाईंना विचारावं. आधी डोकं कुठल्या दिशेला, यावर मीराबाईंशी वाद झाला. मीराबाई रडायच्या भूमिकेत होत्या. मग उशाशी दिवा ठेवला, तर त्याची वात फार मोठी आहे, तेल जळतंय, असं मयताने डोळे मिटून सांगितलं. तोंडात तुळशीचं पान ठेवलं. अक्षता कॅमेरा लावून होईपर्यंत ते मयताने चावून गिळलं, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"आजी! मेलीयस तू!"

"मग दुसरं पान दे की."

दुसरं दिलं. मीराबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि हेल काढला, "अगे माझ्या बाये, खंय गेलंस गो माका टाकून..."

"असं रडतात?" मयत म्हणालं. "राण्यांकडे केवढी रडली होतीस! माझ्या वेळी आवाज बसला काय?"

"कट," अक्षता म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. तिने गुडघे टेकले, आजीच्या कानाशी तोंड नेलं. "आजी, आजचाच दिवस आहे गं. उद्या कॅमेरा जाणार. ही झाली नाही तर बाबा मला ऑफिसात नेऊन बसवतील. फक्त पडून राहा. माझ्यासाठी."

गंगुबाईंनी डोळे मिटले. आणि लालबागमध्ये कुणी विश्वास ठेवणार नाही, पण त्यानंतर त्या खरोखर गप्प पडून राहिल्या. माशी नाकावर बसली. उठून गेली. परत येऊन बसली. गंगुबाई ढिम्म.

अक्षताने चाळीतल्या पाच-सहा जणींना दर्शनाला यायला सांगून ठेवलं होतं. त्या आल्या, बसल्या. मग आणखी माणसं आली. समोरच्या चाळीतली आली, भजनी मंडळ हार घेऊन आलं, मसाला कुटून देणाऱ्या डंकाचा मालक आला, त्याने दारातच चपला काढून हात जोडले. सगळ्यांचे डोळे ओले.

राहुल कानाला यंत्र लावून कुजबुजला, "यांना कधी सांगितलंस तू? काय नॅचरल करतायत!"

"मी नाही सांगितलं," अक्षता कुजबुजली. पण कॅमेरा काही तिने बंद केला नाही. असं चित्र परत मिळायचं नव्हतं.

मग वरळी कोळीवाड्याची मासेवाली आली. डोक्यावरची पाटी तिने दारात उतरवली आणि मटकन खाली बसली. "कालच पापलेटावरनं माझ्याशी भांडली ही," ती म्हणाली. "म्हणाली, डोळे बघ, मेलेल्याला किती दिवस झाले. आणि आज हिचेच डोळे मिटले गं बाई."

ते ऐकून मीराबाईंना काय झालं कोण जाणे. चाललेलं सगळं खोटं आहे, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी त्यांच्या ओठांचा चंबू झाला आणि त्या खऱ्याच फुटल्या. "आता मी कोणाबरोबर भांडू गो? कठड्यार एकटीच उभी ऱ्हवू?" याला हेल नव्हता, ताल नव्हता. फार वाईट रडत होत्या त्या. गंगुबाईंच्या मिटल्या डोळ्याच्या कडेने एक थेंब निघाला आणि कानात गेला. कानात पाणी जाण्यासारखा त्रास दुसरा नाही. पण मयत हललं नाही.

तेवढ्यात जिन्यावर पाय वाजले. भराभर, दोन-दोन पायऱ्या टाकत.

दारात निलेश उभा होता. कचेरीत कुणीतरी त्याला उन्मेषचं स्टेटस दाखवलं होतं. त्याने आईला फोन लावला, बंद. पोरीला लावला, बंद. टॅक्सीत बसताना का उतरताना, एक बूट कुठेतरी राहिला होता. त्याने खाली ठेवलेली आई बघितली, उशाचा दिवा बघितला, भिंतीशी टेकवलेले बांबू बघितले. पुढे येऊन तो बसला नाही, कोसळला. त्याने आईचे पाय धरले.

"आई," तो म्हणाला. आणि मग लहान मुलासारखा, "आई, मी सकाळी भाजी खारट म्हणालो गं तुला."

खोलीतला एकूण एक माणूस हलला. राहुलच्या कानात ते वाक्य इतकं स्वच्छ आलं की त्याने यंत्र कानावरून काढलं. कॅमेरा निलेशच्या तोंडासमोरच होता, हातभर अंतरावर. युनिव्हर्सिटीत तीन वर्षं जे शिकवलं ते सगळं त्या क्षणी अक्षताच्या समोर मांडलेलं होतं.

अक्षताने कॅमेरा फरशीवर ठेवला, जसा ठेवला जाईल तसा. आणि धावत जाऊन तिने बापाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"बाबा, बाबा, आजी आहे! खोटं आहे हे, शूटिंग आहे! बाबा, ऐका ना!"

निलेशला काही ऐकू जात नव्हतं. तो पाय घट्ट धरून हुंदके देत होता.

तेव्हा मयत उठून बसलं आणि त्याचा हात पुढे आला. त्याने आधी अक्षताचे मोकळे केस चाचपले, मग निलेशचं डोकं शोधलं आणि त्यावर दोन टपल्या मारल्या.

"खारट नव्हती," गंगुबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "तुझ्या तोंडाला चव नाही."

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. भजनी मंडळातले एक गृहस्थ हारासकट गॅलरीत पळाले. मासेवालीने गंगुबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग त्यांचा मुका घेतला. मीराबाई तर सगळ्यात जास्त चिडल्या. खरं रडून बसल्या होत्या, आता ते परत कसं घेणार? राहुल खाली जाऊन शर्टाच्या बाहीने फळा पुसत होता. आणि मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून मागच्या दोन खोल्यांनी मिळून पिठलं-भात चढवला होता, तो आला. अन्न परत पाठवायचं नसतं. तेव्हा सगळ्यांनी पंगत धरली आणि गंगुबाईंनी आपल्या मयताचं पिठलं आपणच खाल्लं. "हळद जास्त झालीय," त्या म्हणाल्या. पण दोनदा घेतलं.

निलेश जेवला नाही. तो एका बुटावर गॅलरीत उभा होता. अक्षता जवळ गेली तेव्हा तो वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "हेच शिकवतात का तिथे?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

शनिवारी कॅमेरा परत गेला. तिरडी चाळीतून निघते, हे फिल्मचं शेवटचं दृश्य. ते घ्यायचं राहूनच गेलं. आता कुणी बांबूला हात लावेना, आणि कुणाला विचारायचं तोंडही उरलं नव्हतं. शेवटाशिवाय फिल्म देता येत नाही. अक्षता कॉम्प्युटर पुढ्यात घेऊन नुसती बसून राहायची. हात रिकामे, मांडीवर. एकदा गंगुबाईंनी लुगडं पुढे केलं, तर तिने न बोलता दुसरं टोक धरलं. गंगुबाईंना ते मुळीच आवडलं नाही. असं पडक्या चेहऱ्याने धरलेलं टोक त्यांना नको होतं.

"दाखव बघू, काय काय घेतलंयस," त्या एका दुपारी तिच्याजवळ बसत म्हणाल्या.

अक्षताने दाखवलं. फळा, दिवा, माणसं, मीराबाई. मग एकाएकी चित्र गर्रकन फिरलं आणि आडवं झालं.

"हे तिरकं काय?"

"हे टाकायचंय. कॅमेरा खाली ठेवला तेव्हा बंद करायचा राहिला."

त्यात एकाचंही तोंड नव्हतं. फरशी होती, मोरपिशी काठ होता. मोजा घातलेलं एक पाऊल, त्याच्या अंगठ्याला भोक पडलेलं. मग धावत आलेली दोन अनवाणी पावलं, त्या पावलाशेजारी. आवाज नुसता रडण्याचा. आणि वरून, कुठूनतरी, एक सुरकुतलेला हात खाली येतो, चाचपडतो, आधी मोकळे केस, मग डोकं. तिथे टपल्या.

गंगुबाईंनी ते बघितलं. "टाकायचं कशाला? हाच तुझा शेवट," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी हाक मारली, "निलेश! इकडे ये. बस. बघ."

आईने बस म्हटल्यावर निलेश बसला. त्याने ते एकदा बघितलं. पुन्हा लावायला सांगितलं. बराच वेळ तो पडद्याकडेच बघत होता.

"मोजा फाटका आहे," तो शेवटी म्हणाला.

"हो बाबा."

"लोकांना दिसणार तो."

"दिसणार," ती म्हणाली.

"दिसू दे," निलेश म्हणाला आणि चहा टाकायला उठला. आयुष्यात त्याने स्वतः चहा टाकल्याचं गंगुबाईंना आठवत नव्हतं. साखर कुठे असते तेही त्याला विचारावं लागलं.

युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली त्या दिवशी अर्धी पिंपळाची चाळ तिथे होती. उन्मेष पुढच्या रांगेत. फळा आला तेव्हा त्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. शेवटी तो हात डोक्यावर टेकला आणि अंधार झाला, तेव्हा मात्र कुणी टाळ्या वाजवायच्या आधी बराच वेळ गेला. मग अक्षताच्या सरांनी तिला उभं केलं आणि विचारलं, कॅमेरा असा फरशीवर ठेवायची कल्पना कशी सुचली?

"सुचली नाही, सर," अक्षता म्हणाली. "बाबा रडत होते, म्हणून ठेवला."

सरांनी चष्मा पुसला. पदवीचं त्याच दिवशी कळलं. विम्याच्या कचेरीतली खुर्ची रिकामीच राहिली.

आजीला फिल्म कशी वाटली, ते मात्र अक्षताला कळेना. हॉलमध्ये विचारलं, तर गंगुबाईंना पाणी हवं होतं. टॅक्सीत विचारलं, तर त्यांना खिडकी बंद करून हवी होती. घरी आल्यावर त्यांनी मोरपिशी सोडली, दोरीवरचं वाळलेलं लुगडं काढलं आणि एक टोक पुढे केलं. अक्षताने गळ्यातला छोटा कॅमेरा काढून फळीवर ठेवला आणि टोक धरलं. दोघींनी लुगडं ताणलं, झटकलं.

"आता तरी सांग ना, आजी."

गंगुबाई घडीचे काठ जुळवत तिच्याकडे चालत आल्या. अगदी जवळ आल्यावर त्यांनी आपलं टोक तिच्या हातात दिलं आणि तिचे हात तसेच धरून ठेवले.

"पिक्चर बरा आहे. मी जाड दिसते आणि मीराबाईला फार वेळ दिलायस. पण तो कॅमेरा खाली ठेवलास ना, तेवढं तुला झकास जमलं. माझ्या खऱ्या वेळीही तस्साच खाली ठेव. ट्रंकेतली साडी नेसवायला दोन माणसं लागतात. रश्मीचं एक टोक, दुसरं तुझं."